पुढचं स्टेशन : उपनगरांतून पायी फिरणाऱ्यांच्या पुस्तकांविषयी

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञान सोडून पर्यटनाकडे वळलात की काय?" मी म्हटलं, पर्यटन असतं तर निदान जेवणाची सोय तरी कोणी केली असती. मी ज्या भागाबद्दल बोलणार आहे तिथं कुणी पर्यटक जात नाही. तिथं लोक झोपायला जातात आणि पहाटे उठून बाहेर पडतात.

आधी एक कबुली देतो. मी वसई रोडला राहतो, १९८४ पासून. कॉलेज मुंबईत. सकाळी गाडीत बसायला जागा मिळावी म्हणून आम्ही वसईकर काय करायचो, तर उलट्या दिशेची, विरारला जाणारी गाडी पकडायची, विरारला उतरायचंच नाही, आणि तीच गाडी परत फिरली की बसून चर्चगेटला यायचं. याला 'रिटर्न' म्हणतात. विरारकरांनी त्याबद्दल आम्हांला दारात जे जे ऐकवलं ते रास्तच होतं. पण मुद्दा तो नाही. वसई आणि विरार यांच्यामध्ये एकच स्टेशन आहे, नालासोपारा. म्हणजे रोज सकाळी मी त्या स्टेशनातून दोनदा जात होतो. जवळजवळ तीस वर्षं. आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथं फक्त एकदा उतरलो, एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला. तेही स्टेशन ते हॉल रिक्षानं, आणि जेवून परत.

गी दबोर या फ्रेंच विचारवंताचं शहरात भटकण्याच्या पद्धतीवर एक छोटं टिपण आहे, १९५० च्या दशकातलं. त्यात तो एका समाजशास्त्रज्ञाच्या १९५२ च्या अभ्यासातला नकाशा उल्लेखतो. पॅरिसमधल्या एका विद्यार्थिनीनं वर्षभरात केलेली सगळी ये-जा त्या नकाशावर रेघांनी काढलेली आहे. उरतो एक लहानसा त्रिकोण : घर, कॉलेज आणि पियानोच्या शिक्षिकेचं घर. एवढ्या मोठ्या पॅरिसमधलं त्या मुलीचं पॅरिस म्हणजे तेवढंच. दबोरला त्या नकाशाचा संताप येतो. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं होतं. माझा तर त्रिकोणही होत नव्हता. एक सरळ रेघ होती, पश्चिम रेल्वेची.

तर अशी रेघ मोडणाऱ्या दोन पुस्तकांबद्दल मला आज बोलायचं आहे. दोन्ही मोठ्या शहरांच्या बाहेरच्या, कुणाला न मिरवाव्याशा वाटणाऱ्या कडेबद्दलची आहेत आणि दोन्ही पायांनी लिहिलेली आहेत. एक मला आवडतं. दुसऱ्याचं मी कौतुक करतो. या दोहोंत फरक आहे.

कौतुकाचं आधी. इयान सिंक्लेअर यांचं 'लंडन ऑर्बिटल', २००२ चं. लंडनभोवती एम-२५ नावाचा वळसा घालणारा महामार्ग आहे, सुमारे १८८ किलोमीटरचा. १९८६ मध्ये तो पूर्ण झाला आणि मार्गारेट थॅचरबाईंनी त्याचं उद्घाटन केलं. सिंक्लेअरनी ठरवलं की मोटारींसाठी बांधलेल्या या वर्तुळाच्या आसपासनं पायी चालायचं, घड्याळाच्या उलट्या दिशेनं. बरोबर चित्रकार, लेखक, फोटोग्राफर असे मित्र. टेम्सकाठी उभारलेल्या मिलेनियम डोमचा त्यांना भयंकर राग होता, आणि ही प्रदक्षिणा म्हणजे त्या डोमचा एक प्रकारे उतारा होता. लिंबू-मिरची टाकतात तसा. गंमत म्हणजे ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

या पुस्तकाचा सर्वांत चांगला भाग मनोरुग्णालयांचा आहे. लंडननं आपले वेडे शहराच्या कडेला नेऊन ठेवले होते. एप्समच्या आसपास तर अशा रुग्णालयांचा झुबकाच होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंद झाली आणि त्या जागांवर, काही ठिकाणी त्याच इमारतींत, घरं झाली. पाण्याची टाकी तीच, बाग तीच, आता फाटकावर घरांची जाहिरात. सिंक्लेअर हे बरोबर हेरतात की उपनगर रिकाम्या जागेवर उभं राहत नाही. शहरानं आधी तिथं काही तरी लपवलेलं असतं.

मग माझी तक्रार काय? तक्रार ही, की जाडजूड पुस्तक वाचून संपलं तरी तिथं राहणाऱ्या माणसाचा आवाज माझ्या कानात राहिला नाही. मित्रांचे आवाज राहतात, मेलेल्या लेखकांचे राहतात. पर्फ्लीटला गेलं की ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला येतो, कारण कादंबरीत त्याचं घर तिथं आहे. पण आज पर्फ्लीटला जो माणूस सकाळी कामाला जातो तो कुठं आहे? सिंक्लेअर जागा वाचतात, एखादं जुनं हस्तलिखित वाचावं तशी. हस्तलिखिताला आपण प्रश्न विचारू शकतो, ते आपल्याला विचारत नाही. आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथं ठेच लागते. ज्ञानाचा विषय उलटून बोलू शकत असेल आणि तुम्ही त्याला बोलूच दिलं नाही, तर जे मिळालं ते ज्ञान म्हणायचं की निव्वळ अर्थ लावण्याचं कौशल्य?

आता मला आवडणारं पुस्तक. फ्रांस्वा मास्पेरो यांचं, १९९० चं. नावाचा अर्थ 'रुआसी एक्स्प्रेसचे प्रवासी'. मास्पेरो हे पॅरिसमधले नावाजलेले प्रकाशक. फ्रांट्झ फॅनन यांचं जगभर गाजलेलं पुस्तक १९६१ मध्ये त्यांनी काढलं. अल्जीरियाच्या युद्धाच्या काळात त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली, पण ते थांबले नाहीत. वडील मोठे चीनविद्यातज्ज्ञ, नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत वारले. भाऊ लढाईत मारला गेला. आई छावणीतून जिवंत परतली. इतकं पाहिलेला हा माणूस. त्याला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी जाणवलं की विमानतळाला जाताना ज्या स्टेशनांवरून आपण कैक वेळा गेलो त्यातल्या बहुतेकांवर आपण उतरलेलोच नाही. माझं आणि त्यांचं साम्य एवढंच.

पॅरिसला आरइआर नावाची आपल्या लोकलसारखी सेवा आहे. तिची 'बी' लाइन उत्तरेच्या रुआसी विमानतळापासून शहराच्या पोटातून दक्षिणेला सँ-रेमीपर्यंत जाते. बसून राहिलात तर तासाभराहून थोडा जास्त वेळ. मास्पेरो आणि छायाचित्रकार आनाइक फ्रांट्झ यांनी १९८९ च्या मे-जूनमध्ये त्याला महिना लावला. नियम साधे. क्रमानं स्टेशनावर उतरायचं, पायी फिरायचं, आणि रात्री पॅरिसच्या घरी परतायचं नाही, तिथंच आसपास मुक्काम शोधायचा.

या शेवटच्या नियमात पुस्तकाचं सगळं बळ आहे असं माझं मत आहे. कारण एकदा ठरवलं की रात्री इथंच राहायचं, की त्या जागेकडून तुम्हांला काही तरी हवं असतं. खोली हवी असते. खाणं हवं असतं. दुपारी बसायला सावली हवी असते, आणि रस्ता चुकला की कुणी तरी सांगायला हवं असतं. बघा, हे आपल्याकडे कुणी सांगितलंय? चक्रधरस्वामींनी. महानुभावांचं अटन आठवा. रोज चालायचं, एका गावाला चिकटायचं नाही आणि भिक्षेवर राहायचं. भिक्षेचा अर्थ आपण वैराग्य एवढाच लावतो. मला तो ज्ञानाचा मार्गही वाटतो. ज्याच्या दारात उभं राहून तुम्हांला भाकरी मागायची आहे त्याच्याकडे तुम्ही दुर्बिणीतून बघू शकत नाही.

मास्पेरोंच्या वाटेवर द्रांसी येतं. तिथं १९३० च्या दशकात गरिबांसाठी आधुनिक घरांची वसाहत बांधायला घेतली होती. नाव 'ला म्युएत', म्हणजे 'मुकी' असाही अर्थ होतो. काम अर्धवट राहिलं, आणि १९४१ ते १९४४ या काळात तिचा ज्यूंसाठी कैदखाना झाला. तिथून ६०,००० हून जास्त माणसं बहुतांशी आउश्वित्झला पाठवली गेली. युद्ध संपलं आणि काही वर्षांत तिथं पुन्हा भाडेकरू आले. मास्पेरो पोचतात तेव्हा लोक तिथं राहतायत, गॅलऱ्यांत कपडे वाळतायत. दुसरा कुणी असता तर इथं भुताटकीचं गद्य लिहून मोकळा झाला असता. मास्पेरोंना त्याचा हक्कही होता, वडील तशाच एका छावणीत गेलेले. पण ते थांबतात ते एका सपक प्रश्नाशी : इथं आज राहणाऱ्यांनी काय करायचं? घर मिळालं, ते नाकारायचं? हे प्रकरण मी वर्गात शिकवलं असतं तर नीतिशास्त्राच्या पेपरासाठी शिकवलं असतं.

आणि फोटो. आनाइकबाई माणसाला विचारल्याशिवाय फोटो काढत नाहीत, त्यामुळं काही वेळा फोटो मिळतच नाही. तेही पुस्तकात येतं. नकार पुस्तकात येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मास्पेरोंत दोष नाहीत असं नाही. मधली पानं माहितीनं जड होतात, आणि दक्षिणेच्या सुखवस्तू भागात गाडी शिरली की लेखकाचं लक्ष उडतं. श्रीमंत उपनगर त्याला कंटाळवाणं वाटतं, आणि हा गरिबीवरचा एक प्रकारचा लोभच म्हणायचा. पण २००५ च्या शरदात पॅरिसची उपनगरं पेटली, ओल्नेसारखी ठिकाणं एकदम बातम्यांत आली, तेव्हा या लेखकाला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. सित्रोएनच्या कारखान्यासाठी उभ्या केलेल्या तिथल्या वसाहतीत तो सोळा वर्षं आधी उतरला होता.

आता नालासोपाऱ्याकडे परत येतो. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे, की हे सगळं मी बोलतोय त्यासाठी लागणारे दोन शब्द ज्या लेखात आहेत त्याचा तुकडा नालासोपाऱ्याच्या जमिनीतच सापडलेला आहे? शूर्पारक किंवा सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी तिथं गेले. लोक ज्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत तो टेकाड त्यांनी खणला, तर आत विटांचा स्तूप. आणि गावातल्या भाटेळा तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तुकडा म्हणजे अगदी तुकडाच. पण हाच लेख गिरनारला, कालसीला पूर्ण आहे, त्यामुळं त्यात काय होतं ते आपल्याला कळतं.

लेखाचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. विहार म्हणजे इथं बौद्धांचा मठ नव्हे, विहार म्हणजे मौज, शिकार वगैरे. अशोक अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं आणि दान द्यायचं. म्हाताऱ्यांना भेटायचं आणि सोनं द्यायचं, हे कलम माझ्या वयामुळं मी विसरू शकत नाही. आणि जनपदातल्या, म्हणजे राजधानीबाहेरच्या माणसांना भेटायचं, त्यांना धम्म सांगायचा आणि धम्माबद्दल विचारपूस करायची.

म्हणजे फिरण्याचे दोन प्रकार झाले. एका प्रकारात जागा तुमच्यासाठी असते. दुसऱ्यात भेट असते. सिंक्लेअर यांची विहारयात्रा आहे असं म्हणणं जरा कठोर होईल, त्यांचा राग खरा आहे. पण कल तिकडेच आहे. आणि मास्पेरोंनी अशोकाचं एक कलम गाळलं, उपदेशाचं. त्यांनी फक्त विचारपूस ठेवली. राजाला ते जमलं नसतं.

तो दगड आता कुठं आहे? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. रोज सकाळी नालासोपाऱ्याचा माणूस जिकडं जातो, तिकडंच तोही गेला. फक्त संध्याकाळच्या गाडीनं परत आला नाही.

मराठी साहित्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, नाही तर तुम्ही म्हणाल परदेशी पुस्तकांवरच जिभेचा पट्टा चालवला. मुंबई शहरावर मराठीनं जे लिहिलं ते कुणाही भाषेला हेवा वाटावा असं आहे. ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, त्याआधी भाऊ पाध्ये, बाबूराव बागूल, सुर्वे. पण हे सगळं साधारण शहराच्या जुन्या हद्दीतलं. तिथून माणसं उठली, गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, लोक वसई-विरारला, कल्याणच्या पुढं गेले. त्यांच्याबरोबर लेखकही गेले. आणि लेखक तिथं बसून गिरगावावर लिहीत राहिले! आमच्या वसईचं म्हणाल तर वाड्या, केळीच्या बागा, विहिरी, चर्च यांवर प्रेमानं लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. हिरवी वसई वाचवायला माणसं रस्त्यावर उतरली होती. पण रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की आमचं गद्य मुकं होतं. नालासोपारा पूर्व म्हणजे आमच्या लेखी अतिक्रमण, टँकर आणि पावसाळ्यात तुंबलेलं पाणी. त्या लाखो लोकांच्या भागात पायी फिरून लिहिलेलं, मास्पेरोंच्या तोडीचं मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही. हल्ली फोर्टमध्ये पैसे भरून हेरिटेज वॉक निघतात, टोपी आणि पाण्याच्या बाटलीसह. ती विहारयात्रा. तिला माझा विरोध नाही, मीही एकदा गेलोय.

म्हणून निवृत्तीनंतर, डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं, मी नालासोपाऱ्याला उतरून पूर्वेला चालायला लागलो. पहिल्या दिवशीची फजिती सांगतो. तुळींजच्या पुढं एका गल्लीत उभा राहून मी वहीत टिपणं घेत होतो : दोन इमारतींत हातभर अंतर, तळमजल्याला शिलाईचे गाळे, वर टाक्यांची रांग, असं काहीबाही. समोरच्या दुकानातल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आत काही तरी बोलल्या आणि शटर अर्धं खाली ओढलं. मग एक मुलगा आला. "अंकल, पालिका से हो क्या?" मी नाही म्हटलं. "बँक से?" नाही. "फिर लिख क्या रहे हो?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पॅरिसच्या साहित्यात तो रमतगमत फिरणारा सद्गृहस्थ आहे ना, त्याला गर्दीत कुणी ओळखत नाही हे त्याचं सुख. नालासोपाऱ्यात कामाशिवाय फिरणारा आणि वहीत लिहिणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत ओळखला जातो, कारण तिथं वही घेऊन येणारा माणूस नोटीस घेऊन येतो. याच भागात पुढं ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या गेल्या. जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. कायद्याच्या बाजूनं ते बरोबरच असेल. पण लोकांनी त्यात पैसे देऊन घरं घेतली होती. त्या शटरमागच्या बाई माझ्यापेक्षा जास्त जाणत होत्या. मी वही पिशवीत टाकली. ती नंतर तिथं काढली नाही.

दुसरी गोष्ट वयाची. सत्तरीनंतर माणसाला दर तासाला दोन गोष्टी लागतात, बसायला जागा आणि मुतारी. नालासोपारा पूर्वेला मला या दोन्ही सहज सापडल्या नाहीत. आणि तिथं मास्पेरोंचा मुक्कामाचा नियम मला न घेता लागू झाला. संतोष भुवनच्या रस्त्याला एका इस्त्रीवाल्यानं माझा गुडघा धरून उभं राहणं पाहिलं आणि टेबलाखालचं स्टूल पुढं केलं. मुतारीचं विचारलं तर त्यानं मुलाला माझ्याबरोबर चाळीतल्या संडासापर्यंत पाठवलं, पाण्याचा डबा देऊन. पाणी तिथं विकतचं होतं, हे मला नंतर कळलं.

त्याच्याकडे मी मग तीन-चारदा गेलो. तो जौनपूरकडचा, बावीस वर्षं इथं. मी त्याच्याबद्दल विचारलं त्यापेक्षा त्यानं माझ्याबद्दल जास्त विचारलं. पेन्शन किती, मुलं कुठं, बायको रागावत नाही का. वसईत जागेचा भाव काय. मी काय शिकवत होतो ते सांगायला मला अर्धा तास लागला आणि शेवटी तो म्हणाला, "मतलब धर्म?" मी म्हटलं, नाही. मग विचार केला आणि म्हटलं, थोडंफार.

एकदा त्याला त्या दगडाबद्दल सांगितलं. रूळांच्या पलीकडं, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर अशोकाचा लेख सापडला होता, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मलाही पन्नाशीपर्यंत कुठं माहीत होतं? त्याला नीट ऐकायचं होतं, काय लिहिलंय ते. मी सांगितलं, राजा राजधानी सोडून लोकांना भेटायला जायचा, विचारपूस करायचा, म्हाताऱ्यांना सोनं द्यायचा. इस्त्री उभी करून ठेवत त्यानं विचारलं, "पैदल आता था?"

लेखात तसं काही नाही. मी ते सांगितलं.

"और वो पत्थर अभी किधर है?"

"चर्चगेटला उतरून जावं लागतं."

"सोमवार को दुकान बंद रहता है," तो म्हणाला. "सोमवार को खुला है क्या वो?"